मिशनच्या स्वयंपाकघरातली आण

कस्तुराबाईचा भरवसा एकट्या खंडोबावर; बाकी सगळं जग तिच्या लेखी लबाड. दूधवाल्यादेखत ती दुधात बोट बुडवायची, गॅसची टाकी हलवून बघायची, आणि पाद्रीबाबांनी सहज "कशा आहात?" म्हटलं तरी "का? काय झालं?" असं उलट विचारायची. पण या स्वभावाचाच तिला पगार मिळत होता. मिशनच्या मुलींच्या वसतिगृहात तिला स्वयंपाकाला ठेवलं होतं, ते काही हाताला चव होती म्हणून नव्हे.

त्याचं असं झालं. वाळूजच्या पलीकडच्या या लहानशा गावात ल्यूथरन मिशननं शाळा काढली ती निजामाच्या राज्यात, आणि मुली कुणी पाठवीना. मिशनवाले विहिरीत पाव टाकतात, भाकरीत काहीबाही कालवतात, पोरी बाटवतात, अशी आवई उठलेली. मेंढरं राखणाऱ्यांनी तर मिशनच्या कुंपणाकडून कळप न्यायचंही सोडलं. तेव्हाची गोरी मडम हुशार. तिनं धनगरवाड्यातल्याच मुक्ताबाईच्या हाती चूल दिली. ही मुक्ताबाई म्हणजे कस्तुराबाईची सासू. तिनं अट घातली की प्रवेशाच्या दिवशी आईबापांसमोर आधी मी घास खाणार, "माझ्या नजरेआड अन्नात काय पडत नाय" अशी खंडोबाची आण घेणार, आणि मगच पोरीचं नाव लिहायचं.

हळूहळू पोरी येऊ लागल्या. दहावी झाली की त्यांना लग्नाला उभं करायचे, म्हणून पुढं मिशननं कडब्याच्या गोदामात कॉलेज सुरू केलं. तिथंही हीच आण चालली. उद्या शाळेचा इतिहास छापला तर पाद्र्यांचे फोटो येतील, साहेबांची नावं येतील. येऊ देत बिचाऱ्यांची. शाळा उभी राहिली ती त्या एका घासावर.

सासूनं चूल सोपवताना एवढंच सांगितलं होतं, "लोक चांगले हायेत. पर नजर ठेव."

कस्तुराबाईनं ती जन्मभर ठेवली. दुपारी पडायला जाण्याआधी ती पिठाच्या पिंपात पाची बोटं दाबून ठसा उठवायची. हसायचं तर हसा, पण तिला त्यानं झोप लागायची. यंदा प्रवेशाचे दिवस जवळ आले असताना ती एका दुपारी उठून आली, झाकण काढलं, तर ठसा नाही. पीठ सपाट.

दुसऱ्या दिवशी ती झोपायला जाते म्हणून निघाली आणि मागच्या दारानं येऊन ज्वारीच्या पोत्यांआड बसली. थोड्या वेळानं पावलं वाजली. आत आल्या त्या कॉलेजच्या प्राचार्य, मोनिका मॅडम. पाद्रीबाबांच्या घरातली, याच शाळेत शिकलेली, कस्तुराबाईच्या हातचं खाऊन वाढलेली पोर. तिनं पुडी फोडली, पिठात ओतली, हात घालून कालवली.

"काय टाकलंस?" पोत्यांआडून उठत कस्तुराबाईनं विचारलं.

मोनिकाच्या हातातून पुडी पडली. "मावशी, लोहाची पूड आहे. डॉक्टरांनी दिलीय. मुलींच्या अंगात रक्त नाही, परिपाठाला चक्कर येऊन पडतात. गोळ्या दिल्या तर थुंकतात."

"कवापासनं?"

"दिवाळीपासून. तुमचा ठसा मी पुन्हा उठवायचे. काल घाईत राहिला."

म्हणजे इतके महिने कस्तुराबाई दुसरीच्याच बोटांवर भरवसा ठेवून झोपत होती!

"मला का नाय सांगितलं?"

"सांगितलं असतं तर टाकू दिलं असतं?"

"नाय."

"बघा. आणि आम्हाला पहिल्यापासून बजावलेलं आहे मावशी, तुमच्यासमोर जपून बोलायचं. तुम्ही गावाचं माणूस."

हे मात्र तिला झोंबलं. ती मिशनवर नजर ठेवून होती, तसं मिशनही तिच्यावर. बरं, खोटं म्हणावं तर तेही नाही. मिशनमध्ये खुट्ट झालं तरी ती वाड्यावर जाऊन सांगायची. तिला राग आला आणि लाजही वाटली.

पुडीत उरलेली पूड तिनं सरकारी दवाखान्यात दाखवली. तिथली नर्स मोनिकाशी मिळालेली असली तर? म्हणून बस पकडून थेट शहरातल्या गुलमंडीत गेली, तिथल्या औषधवाल्याला विचारलं. दोन्हीकडं लोहच निघालं.

प्रवेशाच्या आदल्या संध्याकाळी मोनिका स्वयंपाकघरात आली. "मावशी, उद्या दरवर्षीसारखी आण घ्या. मुलींच्या भल्याचंच आहे. नाहीतर बाप त्यांना परत नेतील, आणि येत्या लग्नसराईत उजवून मोकळे होतील."

मोनिकाचं खरं होतं, त्याचाच कस्तुराबाईला जास्त त्रास झाला.

सकाळी चुलीसमोर माणसं बसली. पुढं तिच्याच वाड्यावरचा भारत, शेजारी त्याची लेक सुकेशनी, मांडीवर गाठोडं. ताट आलं. सगळे कस्तुराबाईच्या तोंडाकडं बघू लागले.

"यंदा ती आण मी घेणार नाय," ती म्हणाली. "पिठात औषध मिसळत्यात. लोहाची पूड, रक्त वाढायला. चांगली हाय, मी दोन जागी इचारून आले. पर इतके महिने मलाच ठावं नव्हतं. गेल्या साली आण घेतली, अन् माझ्या नजरेआड पडत राह्यलं. आता जे पडंल ते मी तुमाला सांगून टाकीन. एवढंच बोलते."

मोनिकानं डोळे मिटून घेतले. मागच्या दोन बापांनी पोरी उठवल्या आणि निघून गेले.

भारत बसून होता. "आत्या, माझी बहीण तुझ्या आणेवर हितंच बारावी झाली. मंग तवा बी काय मिसळलं असंल?"

"ठावं नाय," कस्तुराबाई म्हणाली. पुडी सापडल्यापासून ती स्वतःला तरी दुसरं काय विचारत होती?

तिनं भाकरीचा तुकडा मोडला आणि तोंडाकडं नेला. पण भारतनं ताट आपल्याकडं ओढलं. पहिला घास त्यानं स्वतः खाल्ला, सावकाश चावला, पाणी प्यायला. मग लेकीकडं ताट सरकवून म्हणाला, "खा."

सुकेशनीचं नाव लागलं. पोर राहिली, याचा कस्तुराबाईला मनापासून आनंद झाला. हातातला तुकडा मात्र तसाच राहिला. तो तिनं खाल्ला काय, न खाल्ला काय, बघायला कुणी थांबलं नव्हतं.