पेशीबाईची पेशी

तिचे वडील कोर्टात कारकून. त्यांच्या घरी पेशी म्हणजे कोर्टातली तारीख. मुलगी पहिल्यांदा म्हणाली, "बाबा, मी हल्ली पेशी बघते," तेव्हा त्यांनी विचारलं, "कुणाची?" तेव्हापासून ती पेशीबाई.

मी तिची मैत्रीण, साहित्य शिकलेली. तिच्या प्रयोगशाळेत पहिल्यांदा गेले तो नेमका तिच्या निकालाचा दिवस. मेंढीच्या गर्भाशयाच्या अस्तरात वाढीचा निरोप झेलणारे ग्राही असतात, असं तिचं म्हणणं. ग्राही म्हणजे पेशीच्या अंगावरचे कान. रंग चढवला की ते जिथे असतील तिथे तपकिरी, बाकी सगळं निळं. आज ते दिसले नाहीत तर तिचे मार्गदर्शक सर विषयच बंद करणार होते.

तिने सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला आणि ओरडली, "तपकिरी! सगळीकडे!"

मी टाळ्या वाजवल्या.

मग तिने दुसरी काच लावली. तिच्यावर ग्राही ओळखणारं द्रव्य मुद्दामच घातलेलं नव्हतं. ती कोरी निघायला हवी. तीही तपकिरी.

"मेले," ती म्हणाली.

"का? दोन-दोन झाल्या की!"

"अगं शहाणे, ज्याला साक्षीला बोलावलंच नाही तोही 'होय साहेब' म्हणतोय. मग पहिल्यावर कोण विश्वास ठेवेल?"

सर दारातूनच म्हणाले, "काय, गुंडाळायचं?"

"संध्याकाळपर्यंत थांबा ना, सर."

रक्तातली काही द्रव्यं स्वतःच हा रंग पेटवतात. म्हणून आधी पेरॉक्साइडने त्यांना गप्प करायचं असतं. तिने ते केलं होतं. मग तिने पेरॉक्साइडची बाटली उचलली. झाकण सैल. अस्तराच्या ताज्या तुकड्यावर थेंब टाकला; फेस यायला हवा. नुसता बसून राहिला. शेजारून नवी बाटली आणली. थेंब पडताच फेस उसळला.

"जुन्याचा दमच गेला होता गं!" ती नाचायची तेवढी बाकी होती.

सगळं पुन्हा केलं. सर आले. "आधी कोरी दाखव."

कोरी निळी, शांत. मग द्रव्य घातलेली. निळ्यात ग्रंथींच्या कडांना बारीक तपकिरी किनार. मीही पाहिली.

"चालू ठेव," सर म्हणाले.

तिने लगेच घरी फोन लावला. "बाबा, पेशी झाली."

"निकाल?"

"आपल्या बाजूने!"

"आणि पुढची तारीख?"

"उद्या," ती म्हणाली आणि हसतच सुटली.