शिक्केसाहेबांची तपासणी

वजनमाप खात्यात एकतीस वर्षं निरीक्षक म्हणून काढून शिक्केसाहेब निवृत्त झाले आणि त्या दिवसापासून घरातल्यांचे हाल सुरू झाले. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. इथे तर सुंभही धड जळला नव्हता. दुकानदाराचा काटा तपासायचा, त्यावर शिक्का मारायचा, कुठे फट दिसली तर ती बुजवून वर सही ठोकायची, हे त्यांचं आयुष्यभराचं काम. काट्याला भोक आहे म्हणजे तिथून लबाडी आत शिरणार, असा त्यांचा सिद्धांत होता. खरं नाव कोणाच्या लक्षात राहिलं नाही. बाजाराने चिडून ठेवलेलं नाव गल्लीनेही उचललं, आणि साहेबांना तो मान वाटायचा.

तपासायला दुकानं उरली नाहीत तेव्हा त्यांनी घर तपासायला घेतलं. औषधाच्या बाटलीवर कागदाची पट्टी, साखरेच्या डब्यावर पट्टी, रिमोटच्या सेलच्या झाकणावर पट्टी. प्रत्येक पट्टीवर झोकदार सही आणि तारीख. पट्टी फाटलेली दिसली की बसवली चौकशी. बायको होती तोवर ती या पट्ट्या खुशाल टराटरा फाडायची आणि वर "लावा दुसरी" म्हणायची. ती गेल्यावर त्यांना आवरणारं कोणी उरलं नाही. मुलगा होता, पण बापासमोर त्याची मान फक्त वरखाली व्हायची. आडवी हलायला ती शिकलीच नव्हती.

राहिली सून. ती घरी बसून इमारतींचे नकाशे काढायची आणि अजून न बांधलेली इमारत बांधल्यावर कशी दिसेल याची चित्रं कॉम्प्युटरवर तयार करायची. एका आर्किटेक्ट बाईंनी तिला एका शाळेच्या नव्या इमारतीचं काम दिलं होतं. तीन वर्षं किरकोळ कामं केल्यावर मिळालेलं हे पहिलं मोठं काम, आणि ते वेळेवर पुरं झालं तर बाई तिला कायमची घेणार होत्या. साहेबांच्या लेखी हे काम नव्हतंच. खुर्चीत बसून रंगीत चित्रं काढणं हे काम असेल तर माश्या मारणं हाही धंदाच म्हणायचा, असं ते आल्यागेल्यासमोर म्हणायचे, तेही ती ऐकत असताना.

आणि ऐन कामाच्या धांदलीत कॉम्प्युटर मध्येच बंद पडायला लागला. ती चित्र रंगवत असायची, तासभर चालायचा, कधी अर्धाच तास, आणि एकाएकी पडदा काळा. ना सूचना, ना आवाज. पुन्हा सुरू केला की थोडा वेळ शहाण्यासारखा वागायचा आणि परत डोळे मिटायचा. सून दर पाच मिनिटांनी काम साठवून ठेवायला लागली. तरी जे जायचं ते जायचंच, आणि हात पुन्हा तिथूनच राबवावे लागायचे.

साहेबांना निवृत्तीनंतर इतका आनंद कधी झाला नव्हता. घरात गुन्हा घडत होता आणि घरातच निरीक्षक हजर होता. पहिल्याच दिवशी त्यांनी नवी वही काढली, रकाने आखले: तारीख, वेळ, किती मिनिटं चालला, खुर्चीत कोण. मग तपास सुरू झाला. कॉम्प्युटरची वायर काढून त्या प्लगवर इस्त्री लावून पाहिली. इस्त्री झकास तापली. वायर हलवून, वाकवून, हुंगून पाहिली. पाणसळ आणून टेबल समतल आहे का ते मोजलं, कारण काटा असो की कॉम्प्युटर, तिरका ठेवला की खोटं बोलतो. टेबल किंचित डावीकडे कललेलं निघालं. त्यांनी पायाखाली पुठ्ठ्याची घडी सारली आणि विजयी मुद्रेने बाजूला झाले. कॉम्प्युटर वीस मिनिटांत बंद पडला.

एक गोष्ट मात्र त्यांनी तपासली नाही, ती म्हणजे टेबलाखाली भिंतीला पाठ लावून ठेवलेला कॉम्प्युटरचा डबा. तो तपासायचं कारणच नव्हतं, कारण तो त्यांनी स्वतः सील केला होता. सून दोन दिवस माहेरी गेली असताना साफसफाई करताना त्यांना त्या डब्याच्या मागे आणि बाजूला बारीक भोकांची जाळी दिसली होती. एवढ्या महागाच्या वस्तूला इतकी भोकं? धूळ जाणार, मुंग्या जाणार. बनवणाऱ्याचा हलगर्जीपणा सुधारायचा म्हणून त्यांनी खाकी चिकटपट्टीने एकूण एक भोक बुजवलं, वर सह्या केल्या आणि डबा होता तसा भिंतीला टेकवून ठेवला. आपला शिक्का जिथे आहे तिथे दोष असू शकत नाही, ही त्यांची एकतीस वर्षांची श्रद्धा होती.

मग त्यांनी शेवटची चाचणी घेतली. स्वतः खुर्चीत बसले आणि दोन तास वर्तमानपत्राच्या संपादकाला पत्रं टाइप केली. कॉम्प्युटर एकदाही बंद पडला नाही. पडेल कशाला? दोन बोटांनी पत्र टाइप करायला त्याला कसला घाम येतोय? सून चित्र रंगवायची तेव्हा तो धापा टाकायचा, आतला पंखा घरघरायचा. साहेब दारात उभे राहून तेही ऐकत आणि वहीत लिहीत, 'हिच्या हाताखाली मशीन ओरडते.' पंधरा नोंदी झाल्या. पंधराही वेळा खुर्चीत सून. झालं. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायला एवढा पुरावा पुष्कळ होतो.

संध्याकाळी मुलाला समोर बसवून त्यांनी वही वाचून दाखवली आणि निकाल दिला: सुनेने आठ दिवस मशीनला हात लावायचा नाही. मुलाची मान वरखाली झाली. सून तिथेच उभी होती. काम परवा द्यायचंय, आणि उद्या दुपारी दुरुस्तीवाल्या बाई येणार आहेत, एवढंच ती म्हणाली. साहेबांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तपास पूर्ण झाल्यावर बाहेरचं माणूस बोलावणं म्हणजे त्यांच्या सहीवर शाई ओतणं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी आयुष्यातला सर्वांत नीच उद्योग केला, आणि तोही कर्तव्य समजून. सुनेच्या डायरीतून आर्किटेक्ट बाईंचा नंबर त्यांनी आधीच वहीत उतरवून ठेवला होता. ती अंघोळीला गेल्यावर त्यांनी फोन लावला, आपली ओळख निरीक्षक अशी करून दिली आणि सांगितलं, की सुनेला मशीन हाताळता येत नाही, पंधरा लेखी नोंदी आहेत, काम वेळेवर होणार नाही, दुसऱ्या कोणाला द्यावं. बाईंनी सगळं ऐकून घेतलं, कळवल्याबद्दल आभार मानले आणि फोन ठेवला. अखेर कदर करणारं कोणीतरी भेटलं, असं साहेबांना वाटलं.

दुपारी दुरुस्तीवाली आली. ठेंगणी, खांद्याला हत्यारांची पिशवी, बोलणं मोजकं. साहेबांनी वही पुढे केली. तिने ती घेतली, टेबलावर उपडी ठेवली आणि गुडघ्यांवर बसून डब्याच्या माथ्याला हात लावला. हात लगेच मागे आला; सुनेने बंदी न जुमानता सकाळभर काम केलं होतं आणि डबा तापला होता. तिने डबा ओढून बाहेर घेतला, फिरवला आणि बघतच राहिली.

"हे सील कोणत्या खात्याचं?" तिने विचारलं.

मग तिने एकेका पट्टीवरची सही आणि तारीख वाचली. सुनेने टेबलावरची वही सुलटी केली, पहिलं पान उघडलं आणि पहिल्या नोंदीवर बोट ठेवलं. पट्ट्यांची तारीख एक दिवस आधीची होती.

दुरुस्तीवालीने पट्ट्या सोलत सोलत समजावलं. जास्त काम पडलं की हा आतून तापतो, गरम हवा या जाळीतून बाहेर जाते. जाळी बंद, म्हणून आतल्या आत भाजून निघत होता, आणि जळून जाऊ नये म्हणून स्वतःच बंद होत होता. मागचा पंखा कोंडून कोंडून जळलाही होता. तिने आतली राखेसारखी धूळ काढली, उष्णता ओढून घेणारी नवी पेस्ट लावली, पंखा उद्या आणते म्हणाली. तोवर डब्याचं झाकण उघडं ठेवायचं आणि बाजूला टेबलफॅन लावायचा. जाताना तिने चिकटपट्ट्यांचा गोळा साहेबांच्या हातात दिला. त्यांनी तो घेतलाही.

सुनेने टेबलफॅन लावला आणि कामाला बसली. तास झाला, दोन तास झाले, कॉम्प्युटर चालूच. पडद्यावर शाळा उभी राहत होती: जिने, व्हरांडे, खिडक्यांतून वर्गात पडलेलं ऊन. साहेबांनी ते चित्र आज पहिल्यांदा नीट पाहिलं. हे काम आता तिचं राहिलं नव्हतं. ती परक्याच्या कामावर मान मोडत होती आणि हे घरात त्यांच्याखेरीज कोणालाच माहीत नव्हतं. दुकानदारांना ज्या लाजेने मान खाली घालायला त्यांनी आयुष्यभर लावलं, ती लाज त्यांना आज चाखायला मिळाली, आणि ती त्यांना अजिबात पचली नाही. शेवटी ते बाहेरच्या खोलीत गेले आणि पुन्हा तोच नंबर फिरवला. सकाळी सांगितलं त्यात आपली थोडी चूक झाली, म्हणाले. थोडी. तेवढ्यातही माप मारलंच.

"अहो, काम तिच्याकडेच आहे," बाई म्हणाल्या. "तुम्ही माझा नंबर वहीत उतरवताना तिने पाहिलं होतं. तेव्हाच मला सांगून ठेवलं तिने, सासऱ्यांचा फोन येईल, ऐकून घ्या. म्हणाली, बाबा वाईट नाहीत, रिकामे आहेत. बोलू द्या त्यांना."

साहेबांनी फोन ठेवला. ओरडावं, तर कोणावर? मग उठून सुनेच्या खोलीत गेले, टेबलापाशी उभे राहिले आणि घसा खाकरला. काय बोलायचं ते त्यांनी वाटेत जुळवलं होतं. सुनेने पडद्यावरची नजर काढली नाही.

"बाबा, तिथे नका उभे राहू," ती म्हणाली. "वारा अडतोय."

ते बाजूला झाले.