कोंबडीची चोच

इपो शहरातल्या त्या चिनी खानावळीत फोंगला पहिल्या दिवशी मागच्या बोळात कोंबड्या मारायला बसवलं. गळा चिरायचा, रक्त वाडग्यात धरायचं, उकळत्या पाण्यात बुडवून पिसं उपटायची. पोरगी जेमतेम सोळाची. संध्याकाळी समोर भात आला आणि ती भडाभडा ओकली. मुख्य आचारी लूंग, सगळे त्याला वस्ताद म्हणत, त्याने तिच्या पाठीत लोखंडी पळी घातली.

"ओकायचं असेल तर आयशीकडे जा, महाराणी!"

ती गेली नाही. बोळातून भाजीवर आली, भाजीवरून माशांवर आणि पुढे मांस कापायच्या पहिल्या, मानाच्या ओंडक्यावर. सगळ्या स्वयंपाकघराची चिराचिरी त्या ओंडक्याच्या हुकमाने चालते आणि अख्ख्या शहरात तिथे दुसरी बाई नव्हती. दर पायरीला तिने मार खाल्ला. आलं जाड कापलं की सत्तुराची मूठ बोटांवर, मांस उशिरा पोचलं की तापलेली पळी दंडावर. मेला लूंग रांधायचा कमी आणि बडवायचाच जास्त. मालक चाऊ गल्ल्यावरून सगळं बघायचे आणि चहा प्यायचे.

मग लूंगचा पुतण्या काम शोधत आला आणि काकाचा डोळा फोंगच्या ओंडक्यावर गेला.

वर्षअखेरच्या जेवणात मालक कुणाला काढतोय हे बोलून दाखवत नाही. उकडलेली कोंबडी डोक्यासकट मांडतात. चोच मालकाकडे असली तर सगळ्यांच्या नोकऱ्या शाबूत. दुसऱ्या कुणाकडे असली, तर त्याने मुकाट्याने जेवायचं आणि नव्या वर्षात तोंड दाखवायचं नाही.

कोंबडी फोंगनेच कापली, रचली आणि चोच मालकाकडे करून ठेवली. लूंगने ताट फिरवलं. चोच तिच्याकडे आली.

"जेव, जेव," लूंग हसला. "पोटभर जेव."

मालकांनी वाडग्यात डोकं घातलं.

फोंग उठली आणि सत्तूर घेऊन आली. एका घावात कोंबडीचं डोकं उडालं, ताट दुभंगलं, रस्सा मालकांच्या सदऱ्यावर उडाला.

"आता तोंडाने सांगा, मालक. कोण जातंय?"

लूंगने पळी तिच्या कानशिलात हाणली. रक्त मानेवर उतरलं. दुसरा फटका बसायच्या आत तिने त्याचं मनगट धरून टेबलावर दाबलं आणि सत्तूर उचलला. हात गेला की आचारी संपला, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. लूंग गुरासारखा ओरडला.

घाव बसला. लूंगच्या अंगठ्याच्या नखाचा शेंडा टेबलावर पडला. कातडीला ओरखडाही नव्हता. आलं याहून पातळ कापायला त्यानेच तिला मारून मारून शिकवलं होतं.

लूंगची विजार ओली झाली होती. मालक प्रथमच बोलले, "लूंग, तू नको येऊस. फोंग, उद्यापासून चूल तुझी."

तिला आनंद झाला नाही, संताप आला. इतकी वर्षं ती जीव ओतून कापत होती, ते या माणसाला दिसलं नाही. माणसावर सत्तूर उगारला, तेव्हा दिसलं.

तरी चूल तिने घेतली. पळी खुंटीला टांगली आणि कुणावर कधी हात उचलला नाही. पण ती मिठाला हात घालायची, तेव्हा शेजारचा माणूस डोकं वाचवायला हात वर करायचा.

"अरे, मीठ घेतेय मी," ती म्हणायची.

"हो, वस्ताद," तो म्हणायचा, आणि हात तसाच ठेवायचा.