सुजाताताईंनी न लिहिलेली पदवी

साहेबांच्या टेबलावरचा फोन वाजला, की सुजाताताई हातातलं काम टाकून उभ्या राहायच्या. "माह्यंच नाव निघालं का वं?" मला हळूच विचारायच्या.

वर्ध्याजवळच्या एका खासगी दवाखान्याच्या रेकॉर्ड रूममध्ये आम्ही दोघी शेजारी बसायचो. ताई जवळच्याच आंजी गावच्या. बौद्ध अध्ययनात एम.ए., तेही पहिल्या वर्गात. तिथं हे फक्त मला ठाऊक होतं. आधी चार ठिकाणी त्यांनी ती पदवी अर्जात लिहिली होती. एकीकडे "इथं प्रवचन द्यायचंय का?" म्हणून मुलाखत घेणारे हसले, बाकीच्यांनी बोलावलंच नाही. पाचव्या अर्जात त्यांनी नुसतं बी.ए. लिहिलं, पुढच्या दोन वर्षांसमोर 'घरकाम' लिहिलं आणि नोकरी लागली. घरी आजारी वडील, कमावणाऱ्या त्या एकट्या. "पोट भरते, पण जीव थाऱ्यावर नाई," डबा खाताना म्हणायच्या.

कामात मात्र त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. जुनी फाइल मागितली, की डोळे मिटून ओठांतल्या ओठांत नंबर पुटपुटायच्या आणि थेट त्या रॅककडे चालू लागायच्या. माझा कम्प्युटर सुरू होईपर्यंत फाइल हजर. एकदा साहेब स्वतः हे बघत उभे राहिले.

"वा! हे पाठांतर कुठं शिकलात?"

त्या दवाखान्यात ताईंना पहिल्यांदाच कुणी वा म्हटलं होतं. त्या भान विसरल्या. "पालीच्या गाथा पाठ केल्या ना सर, एम.ए.ले होती तवा."

बोलून गेल्या आणि चेहरा पांढराफटक पडला.

"एम.ए.? फॉर्मवर तर बी.ए. आहे." साहेब माझ्याकडे वळले. "तुम्हाला माहीत होतं?"

माझी नोकरी कंत्राटी. महिन्याभरात कंत्राट संपणार होतं.

"नाही सर," मी म्हणाले. ताईंनी माझ्याकडे पाहिलंही नाही.

आठवड्याभरात पत्र आलं. माहिती लपवली म्हणून सेवा समाप्त.

"सांगतलं तं घेत नाई, नाई सांगतलं तं काढते," ताई पत्राची घडी घालत म्हणाल्या.

मी फाटकापर्यंत सोबत गेले. माफी मागायची होती, पण अजूनही भीती वाटत होती, कुणी बघेल म्हणून. ऑटोत बसताना त्याच म्हणाल्या, "तू काऊन रडून राह्यली? तुह्या जागी मी असती, तं मीनंबी नाईच म्हटलं असतं."

ताई माझ्याशी पहिल्यांदाच खोटं बोलल्या. मला ते तेव्हाही कळत होतं.