उकरलेला मुरघास

"उकर रे गमत्या. तुझ्याच हातानं उकर."

चेअरमननी फावडं माझ्या पायाशी टाकलं. हातात दिलं नाही. टाकलं.

आता देखावा बघा. माझ्या घरासमोर, रस्त्याच्या कडेला, मुरघासाचा खड्डा. वर काळा प्लास्टिकचा कागद, कागदावर माती, मातीवर जुने टायर. भोवती अख्खं गाव. पुढच्या रांगेत पुढारी, मागे बाया, आणि ज्याला बघायला जागा नाही त्याचा मोबाईलवाला हात वर. मी उभ्या आयुष्यात एवढे कार्यक्रम केले, पण अशी गर्दी कधी ओढली नव्हती. हवालदार सावलीत खुर्ची टाकून बसलेला. खुर्ची आमच्याच घरातली.

खड्ड्यात मी माझी बायको पुरली आहे, असं गावाचं म्हणणं होतं.

ज्यांच्या घरी गाय नाही त्यांच्यासाठी सांगतो. हिरवा मका कापायचा, त्याची कुट्टी करायची, खड्ड्यात थर देत पायाने तुडवायची. आतली हवा पार काढायची आणि कागदाने गच्च बंद करायचं. दीड महिना हात लावायचा नाही. मग चारा आंबूसगोड होतो आणि गाई त्याच्यावर तुटून पडतात. तो मुरघास. मध्येच उकरला, आत हवा गेली, की बुरशी धरते. खलास. आमच्या दुधाच्या पट्ट्यातलं शेंबडं पोरही हे जाणतं. चेअरमन तर दूध संस्थेचे चेअरमन. मुरघासावर भाषणं देत फिरतात. काय उकरायला सांगतोय, ते त्यांना पक्कं ठाऊक होतं.

मी म्हणालो, "आण्णा, आत चारा हाय. नास हुईल."

"चाराच असला तर भ्यायला काय झालं?"

लोक हसले. मी फावडं उचललं.

इथं जरा पडदा पाडतो. आधी गमत्या कोण ते कळू द्या.

आईबापांनी माझं नाव वेगळं ठेवलं होतं. गावाने गमत्या केलं. आमची वस्ती गावाच्या खालच्या अंगाला. कमानीवर तिला नवं, थोर नाव दिलं आहे. गावाच्या तोंडात मात्र जुनंच येतं, जातीचं. आजा हलगी वाजवायचा, बाप हलगी वाजवायचा. मी हलगीला हात लावला नाही. मी नकला केल्या. एसटीच्या कंडक्टरची, प्रचाराला आलेल्या पुढाऱ्याची, पोरगी सासरी निघाली की रडणाऱ्या आणि रडता रडता आहेर मोजणाऱ्या आईची. चेअरमनचा खोकला तर मी असा काढायचो, की त्यांच्या घरातून बायको पाणी घेऊन बाहेर यायची.

हळद असो, साखरपुडा असो, "गमत्याला बोलवा." मला पंगतीत मधोमध बसवायचे. ज्या ओसरीच्या खाली बाप हात बांधून उभा राहिला, त्या ओसरीवर मी पाय पसरून चहा प्यालो. मला वाटायचं, जमलं. हसवत हसवत वर चढलो. वस्तीतलं दुसरं कुणी त्या ओसरीवर दिसत नाही, हे बघायला मला सवड नव्हती. मी लोकांची तोंडं बघत होतो, हसतायत का ते.

बायको शोभा. माझ्या उलट. दिवसाला मोजून बोलणारी आणि माझ्या नकलांना कधीच न हसणारी. ग्रामपंचायतीची राखीव जागा आली तेव्हा चेअरमननीच तिला उभी केली. गमत्याची बायको म्हणजे घरचंच माणूस, सांगू तिथे सही करील. पहिल्यांदा तिने केलीही. मग एके दिवशी तिने कागद वाचायला मागितला. तिथून बिनसायला लागलं.

त्यात उपसरपंचाची निवड आली. एका बाजूला चेअरमनचा मुलगा. गाव त्याला दादा म्हणतं. दुसऱ्या बाजूला विरोधी पार्टीचा माणूस. मतं समसमान. शोभाचं मत ज्याला, तो उपसरपंच.

अशा वेळी आमच्याकडे सदस्यांना सहलीला नेतात. सहल म्हणजे काय, तर गाडी येते, मोबाईल काढून घेतले जातात, शिर्डीला नाहीतर आणखी लांब कुठेतरी लॉजवर ठेवतात. दोन्ही वेळचं जेवण, वर देवदर्शन. आणि मतदानाच्या दिवशी गाडी थेट ऑफिसच्या दारात. मागच्या निवडीला शोभालाही नेलं होतं. परत आली तेव्हा एवढंच म्हणाली, "कोंडवाड्यातली गुरं बरी. त्यांना हात वर करायला तरी लावत न्हाईत."

यंदाचा मका आम्ही दोघांनी तुडवला. कमरेला पदर खोचून ती, विजार गुडघ्यावर घेऊन मी. दिवस मावळायला कागद टाकला, माती ओढली, टायर ठेवले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी डेअरीला दूध घालून आलो, तर शोभा घरात नाही. भाकरी झाकून ठेवलेल्या. मोबाईल उशाशी, बंद.

मला वाटलं, सहलीची गाडी येऊन गेली. मी आपला निवांत.

संध्याकाळी डेअरीवर एकाने विचारलं, "काय गमत्या, वैनी दिसंनात?"

मी कॅन खाली ठेवला, चेहरा गंभीर केला आणि म्हणालो, "दाबली मुरघासात. दीड महिन्यानं काढू. मऊ पडंल जरा."

हशा! एकाच्या तोंडातला चहा समोरच्याच्या सदऱ्यावर. चेअरमननी मांडीवर थाप मारली, डोळे पुसले आणि म्हणाले, "आमची हरवली ना, तर मी गावाला पेढे वाटीन!" आणखी मोठा हशा. माझ्यापेक्षा मोठा. तो नेहमीच मोठा असायचा.

दोन विनोद. जागा एक, ऐकणारे तेच. पुढे त्यांचा विनोद विनोदच राहिला. माझा कबुलीजबाब झाला.

कारण दोन्ही पार्ट्यांच्या गाड्या निघाल्या आणि शोभा एकीतही नव्हती. कोपरगावला मेव्हणीला फोन केला. "अक्का हिकडं न्हाई आली, दाजी." मग माझ्या तोंडचं पाणी पळालं. मी पोलिसात गेलो. मीच गेलो, कुणी नेलं नाही. हवालदाराने विचारलं, "बायकोला मारायचास का?"

"न्हाई साहेब, तीच मला मारायची."

सवय. तोंडातून निघून गेलं. कुणी हसलं नाही. हवालदाराने मला वरपासून खालपर्यंत बघितलं, कुठली वस्ती ते विचारलं आणि पुन्हा एकदा बघितलं. विनोद पडणं म्हणजे काय असतं, ते मला त्या टेबलासमोर कळलं.

मग गाव फिरलं. हॉटेलात मी बाकावर टेकलो की बाकी बाक मोकळं. बाया घरावरून जाताना नाकाला पदर लावायच्या. "वास येतोय बाई." वास मुरघासाचा! प्रत्येकीच्या गोठ्यामागे तोच खड्डा, तोच वास. पण त्यांच्या खड्ड्यात मका होता. माझ्या खड्ड्यात शोभा होती. आणि हवालदाराला जबाब कुणी दिला, माहीत आहे? ज्याच्या तोंडातून चहा उडाला होता, त्याने. "सोताच्या तोंडानं बोलला साहेब. दाबली म्हनला."

चेअरमनच्या बंगल्यापुढे मोठं हिरवंगार लॉन आहे. ते उकरा, असं कुणी म्हणालं नाही.

शेवटी चेअरमन वस्तीत आले. आयुष्यात पहिल्यांदा आमच्या दारात. बसले नाहीत. हळूच म्हणाले, "बाईला हजर कर. न्हाईतर उद्या खड्डा उकरतो."

तेव्हा उजेड पडला. या माणसाला मढं नको होतं. मत पाहिजे होतं. मी शोभाला लपवून विरोधी पार्टीशी सौदा करतोय, असा त्यांचा हिशेब. गावाला खून पाहिजे होता, त्यांना हात पाहिजे होता. वर केलेला. मधे माझा चारा.

"मला ठाव न्हाई, आण्णा. आईशप्पत."

"मग उकर."

घ्या. पडदा वर.

टायर काढले. माती ओढली. कागद फाडला आणि भप्पकन वास आला. गर्दी एक पाऊल मागे. मी थरामागून थर उपसत होतो. जो मका आम्ही दोघांनी तुडवून तुडवून बसवला होता, तो मी एकटा मोकळा करत होतो. एकेक फावडं बाहेर पडत होतं आणि मला आतली हवा दिसत होती. हवा दिसत नाही म्हणतात. त्या दिवशी दिसली.

एवढ्यात कुणीतरी किंचाळलं. "केस! केस हायेत!"

बाया ओरडल्या. हवालदार खुर्चीतून उठला. मोबाईल आणखी वर गेले. चेअरमनचा चेहरा पांढरा पडला, हे मी नीट बघून ठेवलं.

मी खाली वाकलो. ते केस मुठीत धरले आणि वर करून सगळ्यांना दाखवले. पिवळे, तांबूस, ओलसर.

मक्याचे केस. कणसाच्या शेंड्याला असतात ते.

अख्खं गाव मका लावणारं. त्या दिवसाचा सगळ्यात मोठा विनोद तोच होता आणि कुणी हसलं नाही.

तळ लागला. खाली माती. काही नाही. मी तळात उभा राहून वर बघितलं. खड्ड्यातून माणसांची तोंडं दिसत नाहीत, नाकपुड्या दिसतात. चेअरमनच्या नाकपुड्या म्हणाल्या, "बरं झालं. शंका फिटली. चला रे."

आणि निघाले. सगळे. खुर्ची उन्हात तशीच. पंगतीत मला मधोमध बसवणारे, माझ्या पाठीवर थापा मारणारे. मला वर यायला एकानेही हात दिला नाही.

तिथे, तळात, मला ओसरी आठवली. त्या ओसरीवर मला बसवलं नव्हतंच. माझ्यामुळे येणाऱ्या हसण्याला बसवलं होतं. बाप खाली उभा होता तोच बरा. त्याला निदान ठाऊक होतं, आपण कुठे उभे आहोत. मी हातांनी कड धरली आणि एकटा वर आलो. कपडे झटकले नाहीत.

व्हिडिओ जिल्हाभर फिरला. निवडीच्या आदल्या दिवशी तो कोपरगावच्या बाजूला, मेव्हणीच्या शेजारणीच्या मोबाईलवर पोचला. बघणाऱ्यांत शोभा होती.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने ती आली. हातात पिशवी. रस्त्यावरून तिला बघून माणसं दारं उघडत होती, मेलेलं माणूस चालत यावं तशी. ती आधी खड्ड्यापाशी गेली. बाहेर पडलेल्या चाऱ्यावर बुरशी चढली होती. तिने तो चिमटीत धरला, वास घेतला, टाकला.

मी म्हणालो, "सांगून जायचं हुतं गं."

"तुमाला? डेअरीवर सांगितलं असतं तुमी. नक्कल करून."

मी काठावरचा टायर उगाच पायाने सरकवला.

"मला मत द्यायचं हुतं," ती म्हणाली. "कुनी गाडीत घालून नेल्याबिगर. माज्या पायानं जाऊन. म्हनून बहिनीला शपथ घातली." मग खड्ड्याकडे बघत राहिली. "हे असं करतील, असं वाटलं नव्हतं. एका बाईनं घर सोडलं तर तिला कामबी असंल, असं एकालाबी सुचलं न्हाई."

"मलाबी न्हाई सुचलं," मी म्हणालो.

"व्हय. चला आता."

मी फावडं खांद्यावर घेतलं.

ग्रामपंचायतीच्या दारात चेअरमन उभे होते. हातात शाल, नारळ. शोभाला जिवंत बघून सगळ्यात जास्त आनंद त्यांनाच झाला असेल. हात पसरून म्हणाले, "ये गमत्या, ये! गैरसमज झाला. मिटवून टाकू. तुझा सत्कार ठेवलाय. एक नक्कल हुऊ दे, म्हंजी वातावरन मोकळं हुईल."

लोक जमले. चेहरे तयार. हसायला.

मी म्हणालो, "करतो, आण्णा."

आणि मी चेअरमनचा खोकला काढला. हुबेहूब. एक हात कमरेवर, मान जराशी मागे. दोघातिघांनी हसायला तोंड उघडलं. मी खांद्यावरचं फावडं काढलं आणि चेअरमनच्या पायाशी टाकलं. हातात दिलं नाही. टाकलं. आणि त्यांच्याच आवाजात म्हणालो,

"बुजव रे. तुझ्याच हातानं बुजव."

उघडलेली तोंडं उघडीच राहिली. शाल त्यांच्या हातावरून घसरली. एकच माणूस हसलं. माझ्या मागे. एवढ्या वर्षांत माझ्या नकलेला पहिल्यांदा. शोभा.

मग ती आत गेली. दादाचं नाव पुकारलं तेव्हा तिचे दोन्ही हात मांडीवर होते. दुसऱ्याचं पुकारलं तेव्हा एक वर गेला. दादा पडले.

त्यानंतर आमच्या डेअरीवर माझ्या दुधाला फॅट लागेना, म्हणजे भाव मिळेना. गाय तीच, दूध तेच, मशीन त्यांचं. मी आता कॅन मोटरसायकलला बांधतो आणि पार दुसऱ्या गावाला दूध घालतो. हळदीला बोलावणं येतं, "एखादी नक्कल," म्हणतात. जात नाही. विनोद मी परत घेतलेला नाही. तो चांगलाच होता. फक्त इथून पुढे मी कुणाच्या ओसरीवर बसण्यासाठी तो करणार नाही.

ग्रामसेवक येऊन सांगून गेला, रस्त्याच्या कडेला उघडा खड्डा बरा दिसत नाही, बुजवून टाका. मी खड्ड्याभोवती बाभळीच्या काट्यांचं कुंपण केलं, कुणाचं वासरू आत पडू नये म्हणून. नव्या मक्यासाठी मागच्या अंगाला दुसरा खड्डा खणला. हा मात्र आहे तसाच आहे. फावडं शोभा दारातून उचलून परत घेऊन आली होती. ते मी खड्ड्याच्या काठावर रोवून ठेवलं आहे.

ज्यांनी उकरायला लावला, त्यांनी बुजवायचा. भरदिवसा यायचं, तेवढीच गर्दी घेऊन यायचं, तेवढेच मोबाईल वर करून यायचं. तोवर हा खड्डा उघडा राहील. आणि येताना मला माझ्या नावाने हाक मारायची. गमत्या म्हणाल, तर या घरातून ओ येणार नाही.