चुना लावलेला दगड

खडवलीच्या पुढे, गावाच्या मागच्या अंगाला, काकांच्या गवताच्या रानात माझं दोन माणसांचं छोटं विमान उभं असतं. धावपट्टी म्हणजे नुसतं कापलेलं गवत. एका टोकाला गोठ्याला लागून पत्र्याची शेड, दुसऱ्या टोकाला बांध आणि पलीकडे ओढा. डोंबिवलीतले सोसायटीवाले फोटो बघून विचारतात, "एवढ्यात उडतं?" उडतं. पण मधोमध एक चुना लावलेला दगड आहे. दगडापर्यंत वेगाचा काटा ठरलेल्या आकड्याला पोचला नाही तर उडायचं नाही, हा माझा नियम. नियमांच्या बाबतीत मी खडूसच. बायको म्हणते, हा माणूस कुकरच्या शिट्ट्याही वहीत लिहील.

जमीन काकांची, पण पट्टी राखली ती काकींनी. म्हशी त्याच हाकलणार, वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी पिशवी फाटली की त्याच शिवणार. बदल्यात दोन वर्षं एकच मागणं: "माजा घर मना वरशी बघाचा हाय." गेल्या दसऱ्याला मी हो म्हटलं.

त्या दिवशी सकाळी पट्टी पायी चालून आलो. गवत ओलं होतं, पण चालण्यासारखं. मग वहीत खुणा करत विमान तपासलं. तेवढ्यात काकी ताट घेऊन आल्या.

"दसरा हाय बाला. पूजा केल्याबिगर गारी हालाची नाय."

हळदकुंकू, अक्षता, झेंडूची माळ, सगळं साग्रसंगीत झालं. नारळ चाकापासून लांब फोडायला लावला, माळ पंख्यात जाईल म्हणून काढून ठेवली आणि स्वतःच्या दक्षतेवर खूश झालो. काकी नवं लुगडं आवरून शेजारी बसल्या. मी त्यांचा पट्टा बांधला आणि निघालो.

विमान धावू लागलं. काटा शून्यावर. वाटलं, ओलं गवत ओढतंय. पण चाकं हलकी झालेली बुडाला कळत होती. काकींनी डोळे मिटून माझी बाही धरली होती. अंदाजाने उचलावं का? खरं सांगतो, मोह झाला. दोन वर्षं थांबलेल्या बाईला काय सांगणार? दगड आला. काटा शून्यावरच. मी इंजिनाचा जोर कमी केला, ब्रेक दाबले. ओल्या गवतावरून घसरत आम्ही बांधाच्या चार पावलं अलीकडे थांबलो.

खाली उतरून पाहिलं. पंखाखाली एक बारीक नळी पुढे आलेली असते. तिच्यात हवा शिरते आणि त्यावर वेगाचा काटा चालतो. तिच्या तोंडावर ओलं हळदकुंकू चेपलेलं होतं आणि आत तांदूळ अडकला होता.

"काकी, इथे कुंकू लावायला कोणी सांगितलं?" मी ओरडलोच.

"पंखाच्या पुरं आलेला दिसला. मना वाटला त्याचा नाक हाय."

मी त्यांना नळीचं काम समजावलं. काका धापा टाकत आले आणि म्हणाले, "ऱ्हाऊ दे आता, उतर." काकी उतरल्या. आपल्या ओरडण्याची मला लाज वाटली.

"चूक माझी आहे, काकी," मी म्हणालो. "पूजेनंतर पुन्हा तपासायला हवं होतं. तेवढंच तर माझं काम."

त्यांनी बांगडीतली सेफ्टी पिन काढून दिली. तिने तांदूळ निघाला. मग नळी सोडवून धुतली, फुंकून जोडली, आणि विमान ढकलत शेडपाशी आणून वही पहिल्या ओळीपासून पुन्हा सुरू केली.

संपवून वळलो तर काकी नाहीत. ताट आणि माळ घेऊन त्या पट्टीवरून भराभरा चालल्या होत्या. दगडाशी वाकल्या, कुंकू लावलं, माळ घातली, हात जोडले. परत येऊन आपणहून पट्ट्यासाठी हात वर करून बसल्या.

"त्यानं राखला आपल्याला. चल आता."

या खेपेला काटा दगडाच्या बराच आधी आकड्यावर आला. वर गेल्यावर मी एका अंगाला वळलो. खाली काकींचं कौलारू घर, गोठा, म्हशी, सगळं स्पष्ट दिसत होतं. मी बोट दाखवलं. काकी भलतीकडेच बघत होत्या, हिरव्या पट्टीच्या मधल्या भगव्या ठिपक्याकडे.

"घर मंग बघू," त्या म्हणाल्या. "आदी त्याला एक फेरी मार."

मी दगडाला प्रदक्षिणा घातली.