मावशीच्या पांढऱ्या पेशी

काकांचा फोन आला तेव्हा मी ठाण्याच्या आमच्या प्रयोगशाळेत हातमोजे चढवत होते. "अगं, मावशी गेली तुझी..." एवढंच म्हणाले. त्याला आता महिना होत आला. रडून झालंय, उरलंय ते तिचं ऋण, आणि ते मिरवायला मला आवडतं.

सुमनमावशी डोंबिवलीची, अख्ख्या सोसायटीचे ब्लाउज शिवणारी. पार्किन्सनने तिच्या हाताला कंप आणला, मशीन बंद पडलं. तोंड मात्र चालूच राहिलं. मी याच रोगाच्या रुग्णांच्या पांढऱ्या पेशी तपासते हे कळल्यावर तिने मला समोर बसवून उलटतपासणीच घेतली. मी सांगितलं, मेंदू उघडून बघता येत नाही, म्हणून रक्तात डोकवायचं. प्राणवायू वापरताना शरीरात काही मारक रेणू तयार होतात. ते आवरेनासे झाले की पेशी झिजतात, लोखंडाला गंज चढावा तशा.

"म्हणजे डोक्यात गंज चढलाय म्हण की माझ्या! आणि पांढऱ्या पेशी म्हणजे शिपाई ना गं? तेच गंजले तर झालंच!"

मग म्हणाली, "मी बरी होईन का यानं?"

"नाही, मावशी."

"बरं. पण माझं रक्त उपयोगी पडू दे. हात तर कामातून गेलेत."

ठरलेल्या सकाळी ती रिक्षातून उतरली आणि आमच्या दारातच थिजली. पाऊल उचलेना. काका घाबरले. बाईसाहेबांनी सकाळची गोळीच घेतली नव्हती! नैवेद्य दाखवायच्या आधी आपण चव घेतो का, तसं रक्तही निर्मळ द्यायचं म्हणे. मी अशी रागावले तिच्यावर... गोळी नेहमीसारखी घेऊनच यायचं असतं, सगळ्यांचं तसंच मोजतो, हे ऐकून तिचा चेहरा पडला. "म्हणजे आजचं फुकट?" गोळी लागू पडेपर्यंत ती पायरीवर बसून राहिली, मी शेजारी. पुढच्या आठवड्यात गोळी घेऊन, ठेवणीतली साडी नेसून ती पुन्हा आली. सुई टोचताना थरथरता हात तिने दुसऱ्या हाताने घट्ट दाबून धरला.

शेवटी न्यूमोनियाचं निमित्त झालं. आमचा अभ्यास अजून चालूच आहे. त्यातून काय निघेल, आज सांगता येत नाही. तिच्या पेशी मात्र फ्रीजरमध्ये आहेत, इतरांच्या शेजारी. नळ्यांवर नावं नसतात, नुसते आकडे. कोणाचं काय हे तपासणाऱ्याला कळू नये म्हणून. त्यामुळे मावशी कुठली, मला ठाऊक नाही. कप्पा उघडला की प्रत्येक नळी मी तिचीच असल्यासारखी उचलते.